प्रतिसाद: जंपसीट आणि तपासणी

जंपसीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा आसनावर, बसणाऱ्या वैमानिकांची तपासणी कडक असती तर ऑक्टोबर २०२३ ची अमेरिकेतल्या होरायझन एअरलाइनच्या विमानातली घटना टळली असती, असं म्हणतात; ते पटत नाही. तेव्हा जंपसीटवर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने इंजिनं बंद पाडायचा प्रयत्न केला होता. अमेरिकेत गेटवरचा कर्मचारी 'कॅस' या कॉकपिट-प्रवेश तपासायच्या प्रणालीत वैमानिकाची एअरलाइन आणि कर्मचारी क्रमांक टाकतो. पडद्यावर फोटो आणि होकार किंवा नकार येतो. माणूस तोच आहे आणि नोकरीत आहे, एवढंच कळतं. मनःस्थिती कुठून कळणार? इंजिनांची फायर हँडल, म्हणजे आग लागल्यावर ओढायच्या मुठी, त्याच्याकडून पूर्ण ओढली गेली असती तर इंधन बंद झालं असतं. विमान चालवणाऱ्या दोघा वैमानिकांनी त्याला वेळेत आवरलं म्हणून निभावलं. खरी गळती मेडिकलच्या, म्हणजे वैमानिकांच्या आरोग्य तपासणीच्या, अर्जात आहे. नैराश्य स्वतःच लिहायचं, आणि लिहिलं की उड्डाण महिनोन्‌महिने बंद होऊ शकतं! मग कोण लिहितो? बाकी, जंपसीट नाकारायचा अधिकार कॅप्टनला असतोच. 'कॅस'ने होकार दिला तरीही.