एकाच राउटरवर दोन पीसी: एकाला नॅट मॉडरेट, दुसऱ्याला थेट स्ट्रिक्ट

जुळे_सोलापूर_२१
घरात दोन पीसी, माझा वायरवर, धाकट्याचा वायफायवर. फायबर १०० एमबीपीएसचं. केबलवाल्याचा ओएनयू बॉक्स (ज्यात फायबर येते तो डबा) हॉलमध्ये आणि त्याच्यापुढे आम्ही विकत आणलेला राउटर. कॉल ऑफ ड्यूटी जो आधी चालू करेल त्याला नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं) मॉडरेट म्हणजे मधलं, दुसऱ्याला स्ट्रिक्ट म्हणजे कडक, आणि एका लॉबीत (एकत्र खेळायच्या गटात) काही येता येत नाही. ३०७४ पोर्ट (बाहेरून खेळाचा डेटा आत यायचं दार) माझ्या पीसीला फॉरवर्ड केलंय, फरक शून्य. माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर माझ्याकडे चालतो, पण विजापूर रोडच्या मित्राला जोडता येत नाही. बाहेरचा आयपी टाकला तर शेजारच्या खोलीतल्या भावालाही नाही! वर एकाने अपडेट लावलं की दुसऱ्याचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) १८ मिलिसेकंदांवरून अडीचशेला. मोठा प्लॅन घेऊ का?

तारवाला_सोल
प्लॅनला हात लावू नका. खेळ स्वतः फार थोडा डेटा खातो, दोघांचा मिळून एक-दोन एमबीपीएस.

आधी राउटरच्या पानावर स्टेटसमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर तुमच्याकडे बहुधा डबल नॅट आहे: ओएनयूही पत्ते बदलतोय आणि राउटरही. तुम्ही फॉरवर्ड केलेलं पोर्ट आतल्या दाराला आहे, बाहेरचं दार बंदच.

सोपा उपाय म्हणजे राउटर ॲक्सेस पॉइंट (पत्ते न बदलता नुसतं जोडून देणारा) करा. क्रम चुकवू नका. आधी राउटरचा स्वतःचा पत्ता ओएनयूच्याच मालिकेतला, पण त्याच्यापेक्षा वेगळा द्या (ओएनयू १९२.१६८.१.१ असेल तर राउटर १९२.१६८.१.२), मग त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि शेवटी ओएनयूची वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. वायर आधी हलवली तर दोन डीएचसीपी एकमेकांवर चढतात, राउटरचं पान उघडत नाही आणि रिसेट मारायची वेळ येते.

कसबा_पेठ_पिंग
ॲक्सेस पॉइंट केलात तर सगळं काम ओएनयूवर पडेल, आणि त्या बॉक्सात पिंग आवरायची सोय सहसा नसते. माझं मत उलटं: ओएनयू ब्रिज मोडवर (पत्ते न बदलता डेटा नुसता पुढे देणं) टाकायला सांगा, पीपीपीओईचं (पुरवठादाराकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड मागून घ्या आणि ते आपल्या राउटरात भरा. एक फोन करावा लागतो, पण नॅट एकच राहतं आणि लगाम आपल्या हातात.

आता ३०७४ चं. बाहेरचं एक पोर्ट एका वेळी आतल्या एकाच पत्त्याकडे जाऊ शकतं. ते हाताने तुमच्या पीसीला बांधलं की भावाचा पीसी उपाशी. म्हणून दोन पीसी असतील तर हाताने केलेला नियम काढा, डीएमझेड (सगळी पोर्टं एकाच पीसीला उघडणं) बंद करा, यूपीएनपी (प्रोग्रामने स्वतः राउटरकडून पोर्ट मागायची सोय) चालू करा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातील. मग एकाने खेळ सुरू करायचा, मेनू आल्यावर दुसऱ्याने. यूपीएनपीत दुसऱ्या पीसीला वेगळं बाहेरचं पोर्ट मागता येतं. यूपीएनपीच्या यादीत दोघांचे पत्ते वेगवेगळ्या पोर्टांसमोर दिसले की जमलं. ती यादी अधूनमधून बघत जा, कारण कुठलाही प्रोग्राम त्यातून न विचारता दार उघडू शकतो.

दोघांनाही ओपन मिळालंच पाहिजे असा हट्ट नको. ओपन सगळ्यांशी जुळतं, मॉडरेट ओपन आणि मॉडरेटशी, स्ट्रिक्ट फक्त ओपनशी. व्हॅलोरंट किंवा सीएस२ खेळत असाल तर हा प्रश्नच नाही, तिथे दोघंही कंपनीच्या सर्व्हरला जातात.

माइनक्राफ्टला २५५६५ टीसीपी. हे मात्र हातानेच फॉरवर्ड करा, आणि त्याआधी तुमच्या पीसीला मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कायमचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर नियम भलत्याच मशीनकडे जाईल. विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी दिलीय ना, तेही बघा. भावाने बाहेरचा आयपी टाकायचाच नाही, तुमचा घरातला पत्ता टाकायचा. स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर आतून जायला राउटरला हेअरपिन नॅट यावं लागतं, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांना ते येत नाही.

यंत्रमाग_नेट
पिंगचं दुखणं वेगळं आहे. भावाच्या पीसीवर दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग -टी, दुसरीत १.१.१.१ (बाहेरचा एक सर्व्हर) ला. राउटरचाच आकडा २ वरून ८० ला उडत असेल तर दोष वायफायचा. ५ गिगाहर्ट्‌झवर जा; २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११. कसब्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे मात्र कुठलंही वायफाय गुडघे टेकतं, तिथे कॅट ५ई (नेटवर्कची वायर) ओढणं बरं. ओढल्यावर स्पीड १ जीबीपीएस दाखवतोय का बघा. १०० दाखवत असेल तर बहुतेक चारपैकी एखादी जोडी तुटलीय किंवा क्लिपमध्ये नीट बसलेली नाही.

राउटर शांत आणि १.१.१.१ अडीचशेला, तर डाउनलोडने ओळ भरलीय आणि खेळाची पाकिटं तिच्या मागे उभी आहेत. राउटरात एसक्यूएम (डेटाची रांग आवरायची सोय) असेल तर केक (त्यातली एक पद्धत) निवडा आणि मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के आकडा भरा, डाउनलोडला आणि अपलोडला वेगवेगळा. मोजलेला पूर्ण आकडा भरलात तर रांग पुन्हा केबलवाल्याकडेच साचते आणि उपयोग होत नाही. एसक्यूएम नसेल तर स्टीममध्ये डाउनलोडला मर्यादा घाला. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, हिशोब चुकवू नका.

तोच खेळ दोनदा उतरवायचीही गरज नाही. स्टीममध्ये २०२३ पासून घरातल्या नेटवर्कवरून फाइल घेण्याची सोय आहे. एका पीसीवर उतरवा, स्टीम चालू ठेवा, दुसरा तिथून ओढेल.

आणि ओएनयू माळ्यावर पत्र्याखाली असेल तर खाली आणा. आपल्याकडचा मे महिना त्याला सोसत नाही.

जुळे_सोलापूर_२१
ब्रिज करून घेतलं. एसक्यूएमला ९० भरलं, भाऊ अपडेट ओढत असताना माझा पिंग २४ च्या वर गेला नाही. लय भारी. दोघांनाही आता मॉडरेट येतंय, लॉबी जमली. पण मित्र माइनक्राफ्टला अजून बाहेरच. राउटरचा वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतो.

तारवाला_सोल
मग तो सीजीनॅट. १००.६४ ते १००.१२७ ही मालिका पुरवठादाराच्या आतली, एकच खरा आयपी कितीतरी घरांत वाटलेला. तुमचं २५५६५ त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही, कितीही फॉरवर्ड करा. त्यांच्याकडे पब्लिक आयपी मागा, बरेचजण महिन्याला वेगळे पैसे घेऊन देतात. पैसे घालायचे नसतील तर तुमच्या आणि मित्राच्या पीसीवर झीरोटियर (दूरचे पीसी एकाच नेटवर्कमध्ये जोडणारा प्रोग्राम) टाका, एकाच नेटवर्क आयडीत दोघं जा, ज्याने नेटवर्क उघडलं त्याने दोन्ही मशीनला मंजुरी द्यायची, आणि मित्राने त्यात दिसणारा तुमचा पत्ता माइनक्राफ्टमध्ये टाकायचा. तसाच टेलस्केल हा प्रोग्रामही चालेल, फक्त तेही १०० नेच सुरू होणारे पत्ते देतं, म्हणून सीजीनॅट तपासताना पीसीवरचा नाही, राउटरच्या पानावरचाच आकडा बघा.