हॉरर, सुपरनॅचरल, पॅरानॉर्मल: मराठीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न : इंग्रजीतल्या या तिन्ही कथाप्रकारांना आपण सरसकट ‘भुताच्या गोष्टी’ म्हणतो. अनुवादात तिघांना वेगळे शब्द हवे आहेत. ‘भयकथा’, ‘अलौकिक कथा’ आणि ‘अतींद्रिय कथा’ चालतील का?

पहिलं उत्तर : ‘भयकथा’ चालेल. पण हे तीन शब्द एका रांगेतले नाहीत, हे आधी लक्षात घ्या. वाचकाला काय होतं त्यावरून ‘हॉरर’ हे नाव पडलं. बाकीची दोन नावं कथेत काय आहे त्यावरून पडली. त्यामुळे एकच कथा हॉररही असते आणि सुपरनॅचरलही.

वेताळपंचविशी घ्या. स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर घेऊन निघालेला राजा, प्रेतातून बोलणारा वेताळ. पण प्रत्येक गोष्ट शेवटच्या पेचासाठी सांगितलेली आहे. ऐकणारा घाबरत नाही, उत्तर शोधायला लागतो. ती भयकथा नव्हे. उलट, हवाबंद तिजोरीखोलीत अडकलेल्या माणसाची हवा हळूहळू कमी होत जाते, अशी कथा भुताशिवाय अस्सल भयकथा होते.

नाट्यशास्त्रात हा भेद आहेच. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, भय, अद्भुताचा विस्मय, बीभत्साचा जुगुप्सा म्हणजे किळस. ‘हॉरर’मध्ये इंग्रजी वाचक भय आणि जुगुप्सा दोन्ही धरतो, ‘भयकथे’त फक्त पहिलं येतं. रक्तामांसाचा चिखल असलेल्या पुस्तकाला ‘भयकथा’ एवढंच म्हटलं तर वाचकाची तयारी अपुरी राहते. तिथे ‘बीभत्स’ हा शब्द जोडावा.

दुसरं उत्तर : व्युत्पत्तीची भर घालतो. ‘हॉरर’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ केस ताठ उभे राहणं. त्याचा संस्कृतातला भाऊबंद ‘हृष्’, ज्यावरून आपला ‘हर्ष’ आला! गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘रोमहर्षश्च जायते’ म्हणतो तेव्हा त्याचे हातपाय गळालेले असतात. अठराव्या अध्यायात संजय ‘अद्भुतं रोमहर्षणम्’ म्हणतो ते आनंदाच्या भरात. अंगावरचा काटा तोच, कारणं दोन. आज ‘रोमहर्षक’ क्रिकेटच्या सामन्याला चिकटला आहे, म्हणून भयकथेच्या मलपृष्ठावर तो नको.

तिसरं उत्तर : ‘अलौकिक’ला माझा विरोध आहे. मराठीत ती स्तुती आहे : अलौकिक प्रतिभा, अलौकिक सौंदर्य. ‘अलौकिक हडळ’ कानाला खटकते. ‘अमानुष’ मारहाणीला लागतो आणि ‘अनैसर्गिक’ पोलिसी-कायदेशीर झाला आहे. ‘अतिमानवी’ घ्या, वैचारिक लेखात ‘निसर्गातीत’.

‘अतिमानवी’त भीती गृहीत नाही, हा मोठा फायदा. कोकणातला राखणदार गावाची वेस राखतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोबत करतो. त्याची गोष्ट अतिमानवी आहे, भयकथा नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा पिंपळावरचा मुंजा मात्र कथेच्या बेतानुसार खोडकर किंवा भयंकर, कसाही रंगवता येतो.

चौथं उत्तर : ‘पॅरानॉर्मल’ सर्वांत अवघड, आणि ‘अतींद्रिय’ त्याला पुरत नाही. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अतींद्रिय. पण आपोआप सरकणारी खुर्ची डोळ्यांना चांगली दिसते की!

‘पॅरानॉर्मल’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी आला. त्याच्यामागे तपासणीची वृत्ती आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात न पाहता पत्ता ओळखण्याचे प्रयोग झाले, त्यांत पाच चिन्हांचे प्रत्येकी पाच, असे २५ पत्ते असत. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात, म्हणून त्याहून सातत्याने जास्त आले तरच दखल घ्यायची. कथाप्रकारातही तेच वातावरण असतं : रेकॉर्डर, तापमापक, नोंदी, शंका घेणारं एक पात्र. आणि उलगडा होण्याची शक्यता उघडी असते. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत करडी आकृती दिसल्याचा भास नव्या पंख्यामुळे उठणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरींशी जोडला गेला. त्यावरचा लेख १९९८ चा. अतिमानवी कथेत असा उलगडा केला तर कथाच मोडते. मी ‘पॅरानॉर्मल’ तसाच देवनागरीत ठेवतो आणि पहिल्या वापरात ‘नेहमीच्या नियमांत न बसणारं’ असं लिहितो.

प्रश्न : मग ‘गूढकथा’ कुठे बसते?

तिसरं उत्तर : रहस्यकथेत शेवटी गाठ सुटते, गूढकथेत ती सुटत नाही किंवा अर्धीच सुटते. पावलं कोणाची, हे कळलं तर रहस्य. वाड्यात कोणीच नव्हतं एवढंच कळलं तर गूढ. हा आपला स्वतंत्र प्रकार आहे, तिघांपैकी एकाचा प्रतिशब्द म्हणून तो खर्चू नका.

पहिलं उत्तर : आणि दोन शब्द जोडायला कचरू नका. ‘अतिमानवी भयकथा’ स्वच्छ मराठी आहे. इंग्रजी पुस्तकबाजारात मात्र ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणजे रक्तपिपासू किंवा तशाच अतिमानवी नायकाची प्रेमकथा. तिथे प्रेम मुख्य असतं, तपासणी नसते. तिला ‘अद्भुत प्रेमकथा’ म्हणा, ‘भय’ नको.