ख्रिस्त सर्वांसाठी मेला की निवडलेल्यांसाठीच? तरुण संघात हा विषय कसा घ्यावा?

सदरचा_वाचक
सर्वांना येशूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघात (नागपूर, सदर) बायबल अभ्यासाला एकच वाद पुन्हा पुन्हा उफाळतो. यूट्यूबवरचे संदेश ऐकणारी काही मुलं म्हणतात, प्रायश्चित्त फक्त निवडलेल्यांसाठी (देवाने तारणासाठी आधीच निवडलेल्या लोकांसाठी) झालं आणि पश्चात्तापही देवच देतो. बाकीचे योहान ३:१६ पुढे करतात. मग एकीकडून 'तर मग सुवार्ता सांगायची कशाला?' आणि दुसरीकडून 'तर मग देवाचं सार्वभौमत्व कुठे गेलं?' एवढंच उरतं. पाळकसाहेबांनी दोन रविवार दिलेत, प्रत्येकी दीड तास. कोणती वचनं घ्यावीत, कोणत्या क्रमाने, आणि घसरायला कुठे होतं?

फळा_आणि_खडू
पहिल्या रविवारी कुणाचीही बाजू घेऊ नका. फळ्यावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहा. पापी माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो का? देवाची कृपा नाकारता येते का? ख्रिस्ताचं मरण कोणासाठी होतं? भांडण होतं ते या तिघांची खिचडी केल्यामुळे.

पहिल्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचं (फक्त निवडलेल्यांसाठी म्हणणारे कॅल्विनवादी आणि सर्वांसाठी म्हणणारे अर्मिनियन) उत्तर 'नाही' असंच आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या पक्षाला ज्याचं नाव मिळालं तो डच धर्मशास्त्री अर्मिनियस १६०९ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. त्यातलं तिसरं कलम स्पष्ट सांगतं की तारणारा विश्वास माणसाला स्वतःच्या इच्छाशक्तीने निर्माण करता येत नाही, पवित्र आत्म्याने नवा जन्म द्यावा लागतो. चौथ्या कलमात फाटा फुटतो: सुरुवात, वाटचाल आणि शेवट सगळं कृपेचंच, पण ती कृपा नाकारता येते. म्हणून अर्मिनियन माणसाला पेलागियसच्या (माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो असं शिकवणाऱ्याच्या) रांगेत बसवणं अन्याय आहे. कृपा आधी येते, हे ५२९ च्या ऑरेंजच्या परिषदेपासून पश्चिमेकडच्या मंडळीत ठरलेलं आहे.

तेवढाच अन्याय दुसऱ्या बाजूवरही होतो. अर्मिनियनांच्या पाच कलमांना उत्तर देणाऱ्या डॉर्टच्या कॅल्विनवादी सभेचे (१६१८-१९) नियम न वाचताच लोक त्यांच्यावर तुटून पडतात. दुसऱ्या प्रकरणाची तीन कलमं छापून वाटा. कलम ३: ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अनंत आहे, सगळ्या जगाच्या पापांसाठी ते पुरून उरतं. कलम ५: सुवार्तेचं वचन आणि पश्चात्तापाची आज्ञा भेदभाव न करता सर्वांना सांगायची. कलम ८: मात्र त्या मरणाचा तारणारा परिणाम निवडलेल्यांपर्यंत पोहोचावा हा देवाचा हेतू. 'सुवार्ता सांगायची कशाला?' याचं उत्तर कलम ५ मध्येच आहे.

आता वचनं. जोड्या लावून वाचा, एकेकटं वचन नको. १ योहान २:२ बरोबर योहान १०:११-१५. १ तीमथ्य २:४-६ बरोबर इफिस ५:२५. योहान ६:४४ बरोबर योहान १२:३२. पश्चात्तापासाठी प्रे. कृत्ये १७:३० (सर्वांना आज्ञा), आणि त्यासोबत ११:१८ व २ तीमथ्य २:२५ (देव पश्चात्ताप देतो). आज्ञा आणि देणगी या दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत. एकीने दुसरी पुसणारा कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तिथेच थांबवा. प्रत्येक जोडीला बारा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे या चार जोड्यांत तासभर सहज जातो.

मोहननगर_कॅथलिक
थोडी भर. आमच्याकडे त्रेंतच्या परिषदेने (१५४७) असं ठरवलं की कृपा आधी हलवते आणि माणसाची इच्छा तिला होकार देते किंवा नाकारू शकते. 'ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला' या अर्थाने घेतलेलं कॅथलिक बिशप यान्सेनच्या मतातलं पाचवं विधान पोप इनोसंट दहावे यांनी १६५३ मध्ये धिक्कारलं. म्हणजे हा वाद केवळ प्रोटेस्टंटांचा नाही.

फळा_आणि_खडू
बरोबर. आणि नागपूरच्या मुलांना हेही सांगाच: १८४५ मध्ये इथे आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राच्या कॅल्विनवादी परंपरेतले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात कॅल्विनवादी प्रेस्बिटेरियन परंपरा होती आणि वेस्लीची, म्हणजे अर्मिनियन वळणाची, मेथडिस्टही. दोन्ही बाजूंचे वारस एकाच प्रभुभोजनाला बसतात. 'तुम्ही खरे ख्रिस्ती नाही' इथवर बोलणं गेलं, तर हा इतिहास पुढे ठेवा.

इफिस_२
दुसऱ्या रविवारी एक युक्तिवाद नक्की निघेल, तयारीत राहा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या कॅल्विनवादी जॉन ओवेनने तो घट्ट बांधला. ख्रिस्ताने सोसलं ते सर्वांच्या सर्व पापांसाठी, काहींच्या सर्व पापांसाठी, की सर्वांच्या काही पापांसाठी? पहिलं खरं असेल तर सगळ्यांचं तारण का होत नाही? 'अविश्वासामुळे' म्हणाल, तर अविश्वास हेही पापच ना, त्याची भरपाई झाली की नाही?

इथे मुलं गप्प होतात आणि वाद संपला असं वाटतं. तो संपत नाही. इफिस २:३ उघडा. विश्वास ठेवण्याआधी आपणही इतरांसारखेच क्रोधाची मुलं होतो, असं पौल विश्वासणाऱ्यांना सांगतो. ख्रिस्त तर आधीच मेलेला होता. म्हणजे निवडलेल्यांच्या बाबतीतही वधस्तंभावर झालेलं काम त्याच क्षणी लागू होत नाही, विश्वासाने लागू होतं. कॅल्विनवाद्यांमधल्याही काहींनी 'दुहेरी भरपाई'चा मुद्दा (एकाच पापाची किंमत ख्रिस्ताकडून आणि पुन्हा पाप्याकडून घेता येत नाही, हा) याच कारणाने सोडला. ओवेनच्या बाजूचं उत्तरही मांडा: तो विश्वाससुद्धा ख्रिस्तानेच मिळवून दिला (रोम ८:३२). माझ्या मते हे उत्तर दमदार आहे, पण तोवर वाद पैशांच्या हिशेबावरून देवाच्या हेतूवर आलेला असतो, आणि तो तिथेच व्हायला हवा.

डॉर्टला सगळे एका सुरात बोलत होते असंही नाही. इंग्लंडच्या प्रतिनिधींतला जॉन डॅव्हनंट ख्रिस्ताचं मरण सर्वांसाठी आहे असं मानूनही नियमांवर सही करून आला.

सदरचा_वाचक
खूप आभार. एकच राहिलं. 'मी निवडलेला नसेन तर?' असं विचारणारी एक मुलगी आहे. तिचं वाद घालण्याकडे लक्ष नाही, ती खरंच घाबरलेली आहे.

फळा_आणि_खडू
तिला गटात उत्तर देऊ नका, बाजूला बसून बोला, शक्य तर पाळकसाहेबांसोबत. निवडीची यादी पाहून मग ख्रिस्ताकडे यायचं, असा क्रम शास्त्रात कुठेच नाही. योहान ६:३७ चा दुसरा भाग तिला स्वतः मोठ्याने वाचू द्या: जो येतो त्याला तो घालवून देत नाही. डॉर्टच्या पहिल्या प्रकरणाचं १६ वं कलमही अशाच लोकांसाठी आहे. ज्यांना खात्री वाटत नाही पण देवाकडे वळायची इच्छा आहे, त्यांनी घाबरू नये, वचन, प्रार्थना, उपासना चालू ठेवावी, असं ते सांगतं. 'तुझ्यात पश्चात्तापाची फळं दिसतात का' हा प्रश्न मात्र आत्ता नको. तिची भीती त्याने दुप्पट होईल.