गुहागरला घर: सिमेंट कोणतं, आणि एकदम किती घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. गुहागरला समुद्राजवळ हजार चौरस फुटांचं आरसीसी घर बांधतोय. ४०० च्या आसपास गोण्या लागतील. डीलर म्हणतो, अख्खा ट्रक उतरवून घ्या, गोणीमागे भाव कमी करतो. पण स्लॅब दिवाळीनंतर. तोवर इथल्या दमट हवेत माल टिकेल का? फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवला तरी तीन महिन्यांत ताकद उतरते म्हणतात. त्याने दाखवलेल्या गोणीवरचा आठवडा-वर्षाचा शिक्का पुसट होता आणि कोपरा दाबला तर आत खडे लागले.

दुसरा घोळ प्रकाराचा. ठेकेदाराला सगळीकडे ओपीसी ५३, म्हणजे लवकर ताकद धरणारं साधं सिमेंट, हवं, कारण सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, लवकर निघतं (सोय त्याची!). माझ्या वाचनानुसार खाऱ्या हवेत सळ्या गंजू नयेत म्हणून पीएससी, म्हणजे स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट, बरं. प्लास्टरला पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, पुरे. मात्र या दोन्हींना निदान १० दिवस पाणी मारावं लागतं.

किनाऱ्यावर पीएससीत स्लॅब टाकलाय का कुणी? सेंटरिंग कधी काढलंत? आणि माल एकदम घेतलात की लागेल तसा?