लॅक्रॉससाठी फिरता चषक बनवायचाय: पितळ, मुलामा, बैठक?

पार्क_कट्टा:
सोलापुरात शाळा-कॉलेजांची लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) सिक्सेस स्पर्धा सुरू होतेय. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे तोच प्रकार, सहा-सहा खेळाडू आणि आठ मिनिटांची चार सत्रं. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल लॅक्रॉस लीगच्या चषकासारखा दरवर्षी विजेत्याकडे जाणारा एकच मोठा चषक हवाय. उंची 18 इंच. पितळेवर चांदीचा मुलामा द्यावा की क्रोम? नावं कुठं कोरायची?

बफवाले_अण्णा:
मालक, चांदीचा नाद सोडा. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, मग जो-तो पॉलिश घासतो आणि चार-पाच वर्षांत कडांना पितळ उघडं पडतं. निकेलवर क्रोम घ्या, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. पत्रा 20 गेजचा घ्या. त्याहून पातळ असेल तर काठाला हात लागला तरी पोचा येतो.

खरी गोम चषकाच्या कानांत, म्हणजे धरायच्या कड्यांत आहे. ते रांगेच्या डागानं चिकटवले असतील, तर संघ चषक डोक्यावर नाचवतो तेव्हाच निखळतात. ब्रेझिंग (जास्त आचेवर केलेला पक्का जोड) करून घ्या, आणि तेही मुलाम्याच्या आधी. नंतर आच दिली की मुलामा जळून डाग उठतात.

अजून एक. खोल पोकळीत मुलामा नीट पोचत नाही. पोरं जिंकल्यावर त्यात लिंबू सरबत ओतणारच, आणि उघड्या पितळेत ते कळकतं. आतून कल्हई करा, नाहीतर पिऊ देऊ नका.

सागवानी:
नावं चषकावर नको, बैठकीवर. अष्टकोनी बैठक करा. नावाची पट्टी 75 बाय 20 मिमी, दोन्ही बाजूंना 10 मिमी मोकळी, म्हणजे एक बाजू 95 मिमी आणि समोरासमोरचं अंतर साधारण 230. उंची 100 मिमी ठेवली तर तीन ओळी बसतात, 24 वर्षांची सोय झाली.

अखंड ठोकळा घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सागवानही तडकतं. 20 मिमी जाडीच्या आठ फळ्या जोडून पोकळ करा आणि तळाला 150 बाय 150 बाय 5 मिमीची लोखंडी प्लेट टाका. प्लेटचं वजन किलोच्या आतच राहतं, पण चषक कलंडत नाही. मधून 8 मिमीचा आटे पाडलेला रॉड, खाली स्प्रिंग वॉशर आणि दोन नट. एकच नट लावला तर प्रवासात ढिला होतो, मग चषक बैठकीवर गरगर फिरतो.

पट्ट्या डबल टेपनं लावू नका, मे महिन्यात गोंद सुटतो. पितळी स्क्रूच वापरा, लोखंडी गंजतात.

नियमवही:
चषकाइतकाच त्याचा कागद महत्त्वाचा. कॅनडातला मिंटो कप बघा. 1901 मध्ये तिथले गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांनी दिला (हो, तेच आपले मोर्ले-मिंटो सुधारणांचे). दिला होता सीनियर संघांसाठी, पुढे व्यावसायिक संघांकडे गेला आणि 1937 पासून ज्युनियर स्पर्धेचा झाला. हौशी संघांसाठी सर डोनाल्ड मान यांना 1910 मध्ये वेगळा सोन्याचा मान कप द्यावा लागला. अमेरिकेतल्या मेजर लीग लॅक्रॉसचा स्टाइनफेल्ड कप तर लीगच 2020 च्या डिसेंबरात प्रीमियर लॅक्रॉस लीगमध्ये विलीन झाल्यावर थांबला.

म्हणून आधीच लिहून ठेवा: मालकी आयोजकांची, ताबा अकरा महिने, परत देताना फोटोसह तपासणी, पोचा आल्यास खर्च कुणाचा, स्पर्धा बंद पडली तर चषक कुठं ठेवायचा. सलग तीनदा जिंकणाऱ्याला कायमचा द्यायची जुनी रीत मात्र घालू नका, तिसऱ्या वर्षीच नवा चषक करायची पाळी येते. विजेत्याला कायम ठेवायला छोटी प्रतिकृती द्या.

पार्क_कट्टा:
सगळ्यांचे आभार. क्रोम आणि अष्टकोन नक्की. पट्टीवर नावं मराठीत कोरून मिळतील ना?

बफवाले_अण्णा:
मिळतील, पण टाईप केलेला मजकूर पाठवू नका. कोरणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘लॅक्रॉस’वरचे चंद्र तर हमखास उडतात. अक्षरांचं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या रेषांमध्ये) रूपांतर करून पीडीएफ द्या, अक्षर 4 मिमीपेक्षा लहान नको. आणि कोरायच्या आधी कागदावर प्रिंट काढून संघाच्या सरांची सही घ्या.