सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलीसाठी ट्रस्ट करावा का? (टेक्सास)

ह्यूस्टनवासी:
माझ्या नावावर बंदुकीचा आवाज कमी करणारा एक सायलेन्सर आहे आणि आता सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल घेण्याचा विचार आहे. दोन्ही वस्तू १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांची नोंद ठेवणाऱ्या संघीय संस्थेकडे, नोंदवाव्या लागतात. घरातल्या तिजोरीचा कोड पत्नीलाही ठाऊक आहे आणि मी कामानिमित्त बराच काळ बाहेरगावी असतो, म्हणून दुकानदाराने ट्रस्ट करण्याचा, म्हणजे शस्त्रे एका व्यक्तीऐवजी न्यासाच्या नावावर ठेवण्याचा, सल्ला दिला. ट्रस्ट केल्यास बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो; माझ्यानंतर हे सारे त्याच्याकडे जावे अशी इच्छा आहे. शिवाय एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेला भाचा सध्या आमच्याकडेच राहतो आणि त्यालाही नेमबाजीची आवड आहे, तर त्याला विश्वस्त करता येईल का?

माळरान:
तुमच्या मित्राची माहिती जुनी आहे. पूर्वी लोक ट्रस्टकडे वळत त्याचे मोठे कारण हेच होते की, व्यक्तीला ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीस प्रमुखाची सही लागत असे आणि ट्रस्टला यांपैकी काहीच लागत नसे. १३ जुलै २०१६ पासून ती पळवाट बंद झाली. सहीची अट सर्वांसाठीच गेली, पोलीस प्रमुखाला केवळ अर्जाची प्रत कळवावी लागते. मात्र ट्रस्टच्या वतीने शस्त्र बाळगण्याचा किंवा त्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला ठसे आणि छायाचित्र द्यावेच लागते. नुसत्या लाभार्थ्याला, म्हणजे ज्याच्या हाती असा अधिकार नाही त्याला, ते लागत नाही.

तरीही ट्रस्ट करावा असेच मी सांगेन, आणि त्याचे कारण तुमच्या तिजोरीत आहे. सायलेन्सर तुमच्या एकट्याच्या नावावर असताना तुम्ही गावाबाहेर गेलात आणि कोड पत्नीकडे राहिला, तर नोंद नसलेल्या व्यक्तीचा ताबा असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. या कायद्यातील कमाल शिक्षा दहा वर्षे कैद ही आहे. पत्नी सहविश्वस्त असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मात्र आज तुमच्या नावावर असलेला सायलेन्सर ट्रस्टमध्ये आणणे हेसुद्धा हस्तांतरण ठरते, तेव्हा फॉर्म ४ भरून मंजुरी घेतल्याशिवाय केवळ ट्रस्टच्या यादीत त्याचे नाव लिहून भागणार नाही. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील दोनशे डॉलरचा कर शून्यावर आला आहे, त्यामुळे हे काम आता खर्चाचे नाही. नोंदणी मात्र जशीच्या तशी आहे. मशीनगन आणि हातबॉम्बसारखी विध्वंसक साधने यांवरचा कर तेवढा कायम आहे.

परदेशी पाहुणा:
भाच्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहेत. बिगरस्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला संघीय कायद्याने कोणतेही शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर तासाभरासाठी हाती घेतलेली भाड्याची बंदूकही त्यातून सुटत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकारपरवाना असल्यास कायद्यात अपवाद आहे हे खरे, पण त्याच्या भरवशावर भाच्याला विश्वस्त करणे मला अजिबात शहाणपणाचे वाटत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही बंदी उठते. तोवर तिजोरीचा कोड त्याला सांगू नका.

माळरान:
शिकारपरवान्याबाबत सहमत. व्हिसाची मुदत, परवान्याची मुदत आणि विश्वस्तपद यांचा मेळ कोण घालत बसणार?

नोंदवही:
वारशाचा मुद्दा राहिला. ट्रस्ट नसला तरी वारसाला शस्त्र मिळतेच. मृत्युपत्राचा व्यवस्थापक फॉर्म ५ भरतो आणि ते हस्तांतरण करमुक्त असते. ट्रस्टचा फायदा असा की तुमच्यानंतर उत्तराधिकारी विश्वस्त लगेच कायदेशीर ताबा घेतो आणि अर्ज मंजूर होईपर्यंत वस्तू सांभाळतो. खरी अडचण न्यू जर्सीची आहे. तिथे सायलेन्सरला परवानगीच नाही, त्यामुळे मुलगा तिथे राहत असेतोवर तो त्याच्या हाती देता येणार नाही. ट्रस्टच्या दस्तात असे लिहून घ्या की लाभार्थी जिथे राहतो तिथे वस्तू कायदेशीर नसेल, तर विश्वस्ताने ती टेक्सासमध्येच ठेवावी किंवा विकून रक्कम द्यावी. घर आणि बँक खात्यांसाठी केलेल्या साध्या ट्रस्टमध्ये बहुधा ‘मृत्यूनंतर मालमत्ता त्वरित वाटून द्यावी’ असे कलम असते. ते तसेच पाळणारा प्रामाणिक विश्वस्त गुन्हेगार ठरेल. म्हणून या विषयाची जाण असलेल्या टेक्सासमधील वकिलाकडूनच दस्त करून घ्या.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. तयार रायफलीची नळी स्वतः आखूड करणार असाल, तर फॉर्म १, म्हणजे असे शस्त्र स्वतः बनवण्याचा अर्ज, मंजूर झाल्यावर ट्रस्टचे नाव, गाव आणि राज्य रायफलीवर कोरावे लागते, तेही किमान ०.००३ इंच खोल. त्यामुळे आजोबांच्या नावासह सात शब्दांचे भारदस्त नाव ठेवण्याचा मोह टाळा.

ह्यूस्टनवासी:
सर्वांचे आभार. पत्नीला सहविश्वस्त, मुलाला केवळ लाभार्थी आणि टेक्सासमध्येच राहणाऱ्या धाकट्या भावाला, तो नागरिक असल्याने, उत्तराधिकारी विश्वस्त करण्याचे ठरवतो आहे. तिजोरीचा कोड आजच बदलला. फॉर्म ४ मंजूर होईपर्यंत तो पत्नीलाही सांगणार नाही.