व्हीएफएक्सची पदवी: कॉलेज निवडताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी, भाचीला सिनेमा-टीव्हीसाठी व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये पदवी करायची आहे. माहितीपत्रकं वाचून डोकं भणभणलंय. जिथे बघावं तिथे सॉफ्टवेअरची यादी: न्यूक, हुडिनी, माया. अहो, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर तर फुकट आहे, ते घरीही शिकता येतं!

तिने परवा एका शॉटमध्ये टेबलावर थ्रीडी कप ठेवला. ट्रॅकिंग (कॅमेऱ्याच्या हालचालीशी कप जुळवणं) पक्कं, कप जागचा हलत नाही. पण सावलीची कड फार धारदार आणि फुटेजमधला ग्रेन (बारीक दाणेदारपणा) कपावर नाही, त्यामुळे तो चिकटवल्यासारखा दिसतो. ही नजर, म्हणजे प्रकाश, लेन्स, छायाचित्रण, वर्गात खरंच शिकवतात का? सेटवर एचडीआरआय (तिथल्या प्रकाशाची नोंद ठेवणारा फोटो) घ्यायला, ग्रीन स्क्रीनला लाइट करायला मुलांना मिळतं का?

दुसरं, सुरुवातीचं काम बहुधा रोटो (फ्रेम-फ्रेमने आकृती कापून वेगळी करणं) नाहीतर पेंटचं (नको ते चित्रातून पुसणं) असतं म्हणे. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशोबाने ५ सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम्स. एवढ्या चिकाटीच्या कामासाठी पदवी लागते, की चांगली शोरील (स्वतःच्या कामाचा छोटा व्हिडिओ) पुरते? आणि शोरीलमध्ये कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये जुळवणं), एफएक्स (आग, धूर, पाणी वगैरे) सगळंच दाखवावं की एकच धरावं?

या क्षेत्रात शिकलेल्यांनी किंवा भरती करणाऱ्यांनी प्लीज सांगा. कॉलेजला भेट देताना नेमकं काय विचारायचं, तेही.